तोफ, कोठडी आणि बाग : मांडवीच्या मुखावरील किल्ल्यांची कहाणी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. म्हणून आजचे हे निमंत्रण मला गौरवाचे जितके वाटते, तितकेच परीक्षेचेही वाटते. सर विषय शिकवीत नसत, प्रश्न शिकवीत, असे आम्ही मुले आपसांत म्हणत असू. त्यांचा असाच एक प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

आमच्या वर्गाची सहल आग्वादला गेली होती. वरच्या किल्ल्यातील पाण्याच्या प्रचंड टाक्यावरील मोकळ्या फरसबंदीवर आम्ही मनसोक्त धावलो, दीपगृहाला प्रदक्षिणा घातली, शिदोऱ्या सोडल्या. निघण्यापूर्वी सरांनी आम्हांला तटाच्या कडेशी नेले आणि खाली, पाण्याच्या अगदी काठाशी दिसणाऱ्या कौलांकडे बोट दाखविले. "तिथे काय आहे?" आम्ही एका सुरात सांगितले, "तुरुंग." त्या काळी तेथे मध्यवर्ती कारागृह होते. "तुरुंगात कोण असतात?" सरांनी पुन्हा विचारले. उत्तर सोपे होते : "चोर." सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "नेहमीच नाही." मग त्यांनी आम्हांला बसकडे वळविले. माझे आजचे व्याख्यान म्हणजे त्या दोन शब्दांचा विस्तार आहे, असे समजावे.

विषय आहे मांडवीच्या मुखावरील किल्ल्यांचा. समुद्रावरून येणारा शत्रू अडविण्यासाठी जे बांधले गेले, तेथे आज आपण सहकुटुंब संध्याकाळ घालवितो. हा पालट कसा झाला, तो होताना मधले काय गळून पडण्याचा धोका आहे, आणि ते गळू नये म्हणून आपण काय करावे, एवढ्या तीन गोष्टींपुरते मी बोलणार आहे.

प्रथम भूगोल पाहू, कारण किल्ल्याचा इतिहास भूगोलापासूनच सुरू होतो. पोर्तुगिजांची राजधानी, आजचे जुने गोवे, मांडवीच्या काठी समुद्रापासून बरीच आत वसलेली होती. तिच्याकडे जाणारा राजमार्ग जमिनीवरचा नव्हे, पाण्याचा होता. म्हणून राजधानीची खरी वेस होती ती नदीच्या मुखाशी. उत्तरेला बार्देशचे भूशिर, दक्षिणेला तिसवाडीचे टोक आणि मध्ये पाणी, अशी ही वेस. तिला दारे बसविण्याचे काम पोर्तुगिजांनी जवळजवळ पाऊणशे वर्षे चालविले. तिसवाडीच्या टोकावर काबोची तटबंदी १५४० च्या सुमारास आरंभली गेली. नदीचे पात्र जेथे अरुंद होते, तेथे उत्तर तीरावर १५५१ मध्ये रेइश मागुशचा किल्ला उभा राहिला. पणजीच्या बाजूला, आज ज्याला आपण मिरामार म्हणतो त्या वाळूत, गाश्पार दियशचा कोट झाला. आणि १६०९ ते १६१२ या काळात बार्देशच्या टोकावर या सर्वांचा थोरला भाऊ, आग्वाद, बांधला गेला. या किनाऱ्यावरून तोफ आणि त्या किनाऱ्यावरून तोफ, अशी ही योजना. मध्ये सापडलेल्या जहाजाची धडगत नव्हती.

आग्वाद बांधण्याची घाई का झाली, तेही समजून घेण्यासारखे आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी डचांची जहाजे या समुद्रात आली आणि मांडवीच्या मुखाची नाकेबंदी पुढे वारंवार होऊ लागली. लिस्बनहून आलेल्या जहाजाला महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासानंतर पहिली गरज असे गोड्या पाण्याची. ते पाणी या डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यांवर मिळे. पोर्तुगीज भाषेत 'आग्वा' म्हणजे पाणी, 'आग्वादा' म्हणजे पाणी भरून घेण्याची जागा. किल्ल्याला ना संताचे नाव मिळाले, ना राजाचे. मिळाले ते पाण्याचे. वरच्या किल्ल्यातील टाके सुमारे चोवीस लाख गॅलन पाणी साठविण्याइतके मोठे आहे. तोफांची संख्या ७९ सांगितली जाते. आमच्यासारखी मुले त्या तोफांच्या गोष्टी ऐकून हरखतात. पण विचार केला तर या किल्ल्याचे खरे बळ तोफेत नव्हते, टाक्यात होते. वेढा पडला तरी तहानेने शरण जावे लागू नये, ही ती तरतूद होती.

रेइश मागुशची गोष्ट थोडी निराळी आहे. 'रेइश मागुश' म्हणजे बाळ येशूच्या दर्शनास आलेले पूर्वेचे तीन राजे. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांच्या नावाचे चर्च आहे, तेही सोळाव्या शतकातले, आणि ६ जानेवारीला तेथे आजही त्या तीन राजांचा सण होतो. नवे व्हाइसरॉय आले की राजधानीत जाण्यापूर्वी येथे मुक्काम करीत, परत निघालेलेही येथे थांबत. म्हणजे हा किल्ला जितका लढाईचा, तितकाच स्वागताचा आणि निरोपाचा होता. १७०७ साली त्याची मोठी पुनर्बांधणी झाली, आणि आज आपण पाहतो ते रूप बरेचसे त्या वेळचे आहे.

या किल्ल्यांची कसोटी पाहणारे आपलेच लोक होते. १६८३ साली छत्रपती संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली, तेव्हा राजधानीचा थरकाप उडाला. १७३९ साली मराठ्यांनी बार्देश प्रांत जवळजवळ सगळा घेतला, पण आग्वाद आणि रेइश मागुश हे दोन किल्ले त्यांच्या हाती आले नाहीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांच्या भीतीने इंग्रजांनी आपले सैन्य गोव्यात आणून ठेवले, ते १८१३ पर्यंत येथे होते. काबोजवळची इंग्रजांची लहानशी दफनभूमी ही त्या मुक्कामाची खूण. पुढे युद्धाचे तंत्र बदलले. राजधानी पणजीला आली, तिला १८४३ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली, आणि मुखावरचे पहारेकरी हळूहळू बिनकामाचे झाले.

बिनकामाच्या किल्ल्याचे काय होते? या चार किल्ल्यांनी या प्रश्नाची चार निरनिराळी उत्तरे दिली. गाश्पार दियश १८३५ च्या यादवीत रक्ताने न्हाला. त्याच वर्षी बेर्नार्दु पेरिश द सिल्व्ह हे गोमंतकीय गृहस्थ अवघे काही दिवस राज्यकारभाराच्या प्रमुखपदी राहिले होते, आणि त्यांच्या बाजूच्या सैनिकांची या कोटात कत्तल झाली. पुढे कोट नामशेष झाला, नाव मात्र टेनिसच्या एका क्लबाला चिकटून राहिले. मिरामारच्या वाळूत आज मुले पतंग उडवितात, त्यांच्या पायांखाली एक किल्ला होता हे सांगणारे फारसे काही उरलेले नाही. काबोचे नशीब थोर. तो गव्हर्नरांचा निवास झाला आणि आज राजभवन आहे. आग्वादवर १८६४ मध्ये दीपगृह उभे राहिले. जी जागा जहाजांना अडविण्यासाठी निवडली गेली, तीच आता त्यांना वाट दाखवू लागली. हा पालट मला नेहमी मोठा बोलका वाटतो. पण आग्वादचे दुसरे अंग, आणि रेइश मागुश, यांच्या वाट्याला आला तुरुंग.

किल्ल्याचा तुरुंग करणे फार सोपे असते. जाड भिंती तयार असतात. तीन बाजूंना पाणी किंवा कडा असतो. आतबाहेर करण्याला एकच देवडी असते. नवे असे काही बांधावे लागत नाही, फक्त पहारेकऱ्याचे तोंड फिरवावे लागते. पूर्वी तो बाहेरच्या शत्रूकडे पाहत उभा असे, आता आतल्या माणसाकडे पाहत उभा राहतो. राज्याला स्वतःच्या प्रजेची भीती वाटू लागली की त्याच्या किल्ल्यांचे असे होते. साळाझारच्या राजवटीत गोव्यात सभा भरविणे, पत्रक छापणे, भाषण करणे हे सारे परवानगीवाचून गुन्हे ठरले. त्या गुन्हेगारांसाठी आग्वादच्या पाण्याकाठच्या कोठड्या होत्या. सरांच्या "नेहमीच नाही" या शब्दांचा अर्थ येथून सुरू होतो.

१८ जून १९४६ रोजी मडगावच्या मैदानावर डॉ. राममनोहर लोहियांनी बंदी मोडून भाषण करण्याचा प्रयत्न केला आणि त्यांना अटक झाली. ही घटना शाळेच्या पुस्तकात आहे, ती आपणांस ठाऊक आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर ते पुन्हा गोव्याच्या हद्दीत आले, तेव्हा त्यांना पकडून आग्वादला ठेवले गेले. आणि त्या दोहोंच्या मध्ये, जुलै महिन्यात, त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला. ज्यांना आपण गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणतो, ते हे कुन्हा. त्यांना आग्वादच्या कोठडीत ठेवले होते. आठ वर्षांची शिक्षा झाली आणि ती भोगण्यासाठी त्यांना समुद्रापार, पोर्तुगालमधील पेनिश या किल्ल्यात पाठविले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांनाही तोच रस्ता दाखविण्यात आला. पेनिशकडे मी पुढे पुन्हा येणार आहे. ते नाव लक्षात ठेवावे.

१९५५ साली सत्याग्रहाची मोठी लाट आली. महाराष्ट्रातून आणि देशभरातून माणसे सरहद्द ओलांडून आली. ना. ग. गोरे, शिरुभाऊ लिमये, मधू लिमये, जगन्नाथराव जोशी, बंगालचे त्रिदीब चौधरी यांना दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या. आग्वादच्या भिंतींनी त्यांना पाहिले आणि १९५७ च्या आरंभी ते सुटले. या नावांतील राजकीय मतभेद आपण पाहावेत. समाजवादी, जनसंघीय, क्रांतिकारी समाजवादी, असे सारे एका तटाच्या आत होते. बाहेर ज्यांचे पटले नसते, ते आत एका ताटात जेवले. यांच्याखेरीज शेकडो गोमंतकीय होते. शेतकरी, शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी. त्यांची नावे पुस्तकात क्वचितच येतात. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात ती नावे असतील.

शिक्षक म्हटल्यावर एक नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. सांगलीहून आलेले एक तरुण मास्तर सावईवेऱ्याला मुलांना मराठी शिकवीत. त्यांचे नाव मोहन रानडे. त्यांचा मार्ग सशस्त्र होता, सत्याग्रहाचा नव्हता. बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ते जखमी होऊन १९५५ मध्ये पकडले गेले. बेती म्हणजे रेइश मागुशच्या शेजारचे गाव. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. त्यांनाही पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळील काशियशच्या किल्ल्यात ठेवले. गोवा १९६१ साली मुक्त झाला, पण रानडे सुटले नाहीत. ते सुटले १९६९ साली. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात जी चळवळ झाली, तीत गायक सुधीर फडके यांनी पुढाकार घेतला होता. ज्या मातीसाठी शिक्षा भोगली, ती माती मुक्त होऊन सात वर्षे उलटली तरी हा माणूस एका परक्या किल्ल्यात होता. किल्ला नुसता दगडाचा नसतो. राजवटीचा हट्ट हीदेखील एक तटबंदी असते.

आता १९६१ चा डिसेंबर. भारतीय सेना १८ डिसेंबरला गोव्यात शिरली आणि संध्याकाळपर्यंत बेतीला, मांडवीच्या काठी, पोहोचली. आग्वादमध्ये राजकीय कैदी आहेत आणि त्यांच्या जिवाला धोका आहे, हे कळताच एक तुकडी त्यांच्या सुटकेसाठी निघाली. शरणागतीचा आदेश किल्ल्यातील शिबंदीपर्यंत पोहोचलेला नव्हता. तिने गोळीबार केला. मेजर शिवदेवसिंग सिधू आणि कॅप्टन विनोद सेहगल हे दोन अधिकारी तेथे धारातीर्थी पडले. कैदी सुटले. साडेतीनशे वर्षे डच आणि मराठे यांच्यासाठी सज्ज राहिलेल्या या किल्ल्यातून सुटलेल्या शेवटच्या गोळ्या कोणासाठी होत्या, हे पाहिले म्हणजे मन सुन्न होते. त्या राज्य जिंकायला आलेल्यांना लागल्या नाहीत, कोठडीचे दार उघडायला आलेल्यांना लागल्या.

गोष्ट येथे संपली असती तर ती व्याख्यानाला फार सोयीची झाली असती. पण ती येथे संपत नाही. मुक्तीनंतरही या कोठड्या कोठड्याच राहिल्या. पहारेकरी बदलले, कैदी बदलले, भिंती त्याच. रेइश मागुशचा तुरुंग १९९३ पर्यंत चालला. आग्वादचे कारागृह २०१५ मध्ये कोलवाळला हलविले गेले. म्हणजे पोर्तुगीज गेल्यावर आग्वादचा तुरुंग अर्धशतकाहून अधिक काळ आपल्याच राज्याने चालविला. यात लाजण्यासारखे काही नाही, प्रत्येक राज्याला कारागृह लागते. पण म्हणूनच आमच्यासारख्या मुलांना, तुरुंगात कोण असतात, असे विचारल्यावर एकच उत्तर सुचले. चालू तुरुंगाने जुन्या तुरुंगाची आठवण झाकून टाकली होती.

यानंतरचा अध्याय जीर्णोद्धाराचा. रेइश मागुश तुरुंग गेल्यानंतर पंधरा वर्षे पडून होता. झाडांची मुळे भिंतींत शिरली, छपरे कोसळली. २००८ च्या सुमारास गोवा सरकार, 'इंटॅक' ही वारसा जपणारी संस्था आणि इंग्लंडमधील हेलन हॅम्लिन न्यास यांनी मिळून काम हाती घेतले. वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी ते केले आणि २०१२ मध्ये किल्ला लोकांसाठी खुला झाला. या कामातील एक गोष्ट विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. आपला जांभा दगड मोठा सच्छिद्र असतो. तो पावसाचे पाणी पितो आणि उन्हात सोडतो. जुने गवंडी त्यावर चुन्याचा गिलावा देत, कारण चुना दगडाला श्वास घेऊ देतो. सिमेंट घट्ट असते. त्याच्या आड अडकलेले पाणी दगडाला आतून पोखरते. म्हणजे घाईने केलेली मजबुती ही पुष्कळदा विध्वंसाची सुरुवात असते. पुढे माझ्या मुख्य मुद्द्याला हा दृष्टान्त उपयोगी पडणार आहे.

आज रेइश मागुशमध्ये तटावरून फिरता येते, तोफा पाहता येतात, मारिओ मिरांडा यांची चित्रे पाहता येतात, स्वातंत्र्यलढ्याची माहिती देणारे दालनही आहे. आग्वादच्या कारागृहाचे संग्रहालय झाले आणि मुक्तीला साठ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, १९ डिसेंबर २०२१ रोजी, त्याचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. वरच्या किल्ल्यात तर कधीचेच सर्वांना मोकळे रान आहे. हिरवळ, वारा, सूर्यास्त, आईस्क्रीम, छायाचित्रे. कागदोपत्री कोणी काही म्हणो, हे दोन्ही किल्ले व्यवहारात लोकांच्या बागा झाल्या आहेत.

यावर दोन प्रकारची माणसे मला भेटतात. एक म्हणतात, "हुतात्म्यांच्या जागी सहली कसल्या काढता? येथे हसणेसुद्धा पाप आहे." दुसरे म्हणतात, "कशाला जुनी रडगाणी? लोक वारा खायला येतात, त्यांना खाऊ द्या." मला दोघांचेही पटत नाही.

पहिल्यांना मी असे सांगेन. ज्यांनी या कोठड्यांत वर्षे काढली, त्यांना काय हवे होते? या देवडीतून कोणीही, केव्हाही, कोणाची परवानगी न मागता आत-बाहेर करू शकावे, हेच ना? चार मुलांनी एकत्र जमणे हाही जेथे एकेकाळी गुन्हा ठरला असता, तेथे आज चारशे मुले एकत्र ओरडतात, धावतात. त्या ओरडण्याला मी अनादर म्हणणार नाही. तो त्या लढ्याचा विजय आहे. किल्ल्याची बाग होणे हे किल्ल्याचे पतन नसून त्याचा मोक्ष आहे, असे मी म्हणेन. मडगावचे ते मैदान आज लोहिया मैदान या नावाने लोकांच्या बसण्या-उठण्याचे ठिकाण आहे. लोहियांचे यापेक्षा उचित स्मारक दुसरे कोणते असू शकेल?

दुसऱ्यांना सांगायचे ते जरा अधिक आहे. वारा जरूर खावा. पण वारा खाणाऱ्याला हा वारा फुकट मिळालेला नाही एवढे कळले पाहिजे. ते सांगितले नाही तर काय होते, याची दोन उदाहरणे आपल्या डोळ्यांपुढे आहेत. गाश्पार दियश मी सांगितलाच, त्याची आठवण वाळूत गेली. दुसरे शापोऱ्याचे. शापोरा किल्ला हा बार्देशच्या उत्तर सीमेचा पहारेकरी, मराठे आणि पोर्तुगीज यांच्या ओढाताणीचा साक्षीदार. २००१ साली आलेल्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटातील एक दृश्य तेथे चित्रित झाले होते, आणि आज असंख्य प्रवासी त्याला त्या चित्रपटाच्या नावाने ओळखतात. चित्रपटाचा यात दोष नाही. तेथे दुसरे काही सांगायला कोणी उभे नव्हते, म्हणून जे सांगितले गेले तेच टिकले. स्मृतीची जागा रिकामी राहत नाही. आपण भरली नाही तर दुसरे कोणी भरते.

येथे मी पेनिशकडे परत येतो. अटलांटिकच्या काठचा तो किल्ला सोळाव्या-सतराव्या शतकात, आग्वादप्रमाणेच, समुद्रावरील शत्रूसाठी बांधला गेला. साळाझारने त्याचा राजकीय तुरुंग केला. आपल्या कुन्हांना आणि काकोडकरांना तेथे पोर्तुगालमधील राजबंदी शेजारी लाभले, कारण ती राजवट स्वतःच्या देशातील विरोधकांनाही अशीच डांबीत होती. २५ एप्रिल १९७४ रोजी तेथे क्रांती झाली आणि दोन दिवसांनी, २७ एप्रिलला, पेनिशचे कैदी सुटले. पुढे किल्ला बराच काळ उपेक्षित राहिला. २०१६ साली सरकारने ऐतिहासिक वास्तू हॉटेलांसाठी खासगी कंपन्यांना द्यायची योजना काढली, तिच्या यादीत पेनिशचेही नाव होते. तेव्हा जुने राजबंदी आणि त्यांचे कुटुंबीय उठले. आम्ही जेथे भिंतीशी बोललो, तेथे पाहुण्यांच्या खोल्या होऊ देणार नाही, असे ते भांडले. सरकारला माघार घ्यावी लागली. तेथे प्रतिकाराचे आणि स्वातंत्र्याचे राष्ट्रीय संग्रहालय करायचे ठरले आणि २७ एप्रिल २०२४ रोजी, कैद्यांच्या सुटकेला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ते पूर्णांशाने उघडले.

या गोष्टीतून मी दोन धडे घेतो. एक, पोर्तुगीज जनता आणि पोर्तुगीज राजवट यांत फरक करायला आपण शिकले पाहिजे. ज्या हुकूमशाहीने आपल्या माणसांना डांबले, तिच्याशी लढलेले लोक त्याच किल्ल्यात होते. दुसरा धडा अधिक तातडीचा. पेनिशची आठवण वाचली, कारण ती वाचविण्यासाठी उठणारी माणसे अजून जिवंत होती. त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. आपल्याकडे? १९५५ साली जो सत्याग्रही वीस वर्षांचा होता, त्याचे वय आज मोजा. मोहन रानडे २०१९ मध्ये गेले. सांगणारे तोंड आता जवळजवळ उरलेले नाही.

आणि येथे तो चुन्याचा दृष्टान्त मला आठवतो. स्मृतीलाही श्वास घ्यायला लागतो. कोनशिला बसविली, हार घातला, वर्षातून एकदा भाषण केले, की आपल्याला वाटते स्मृती पक्की झाली. पण तो सिमेंटचा गिलावा आहे. वरून घट्ट, आतून दगड पोखरणारा. चुन्याचा गिलावा म्हणजे काय? तो दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पाहावा लागतो, जेथे सुटला तेथे पुन्हा द्यावा लागतो. तो हाताने करायचा, धीराने करायचा उद्योग आहे. आठवण जपणे हे असेच डागडुजीचे काम आहे, आणि ते सरकारपेक्षा शाळेला अधिक चांगले जमेल असा माझा विश्वास आहे.

म्हणून या संस्थेपुढे मी तीन साध्या सूचना ठेवतो. पहिली, दरवर्षी एका वर्गाची सहल आग्वादला जावी. तिने वरचा किल्ला आणि खालच्या कोठड्या दोन्ही पाहाव्यात, आणि त्याच क्रमाने पाहाव्यात. आधी धावावे, मग थांबावे. दुसरी, माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील जुने कागद काढून पाहावेत. तुरुंगातून आलेली पत्रे, छायाचित्रे, शिक्षेचे हुकूम, आजीने सांगितलेल्या हकिकती. यांच्या प्रती शाळेच्या ग्रंथालयात जमा कराव्यात. मोठ्या नेत्यांची चरित्रे लिहिली गेली आहेत. आपल्या गावच्या दुकानदाराने सहा महिने कोठडीत काढले असतील, तर ते फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, आणि आपल्याबरोबर ते जाईल. तिसरी सूचना शिक्षकांसाठी. मुलांना किल्ला दाखवताना तो कोणी जिंकला आणि कोणी हरला, यापाशी थांबू नका. आत कोण होते, तेही विचारा. प्रत्येक तटाला दोन बाजू असतात. इतिहासाच्या पुस्तकात पुष्कळदा बाहेरचीच असते.

मित्रहो, समारोप करतो. मांडवीच्या मुखावर तोफेचे युग अडीच-तीन शतके चालले, कोठडीचे युग त्याहून पुष्कळ कमी. बागेचे युग आता कुठे सुरू झाले आहे. ते दीर्घायुषी व्हावे अशीच माझी प्रार्थना आहे. या जागांना पुन्हा तोफ लागू नये, पुन्हा कोठडी लागू नये. पण किल्ल्याची बाग ज्या सहजतेने होते, त्याहून अधिक सहजतेने बागेचा तुरुंग होऊ शकतो, हे या भिंतींनी एकदा पाहिले आहे. भिंती तयारच असतात. फक्त पहारेकऱ्याचे तोंड फिरायचा अवकाश असतो. ते पुन्हा फिरू नये यासाठी एकच पहारा उपयोगी पडतो, तो म्हणजे आठवणीचा.

अलीकडे मी आग्वादला गेलो होतो. खालच्या कोठडीच्या दाराशी एक लहान मुलगी आईचा हात धरून उभी होती. तिने विचारले, "आई, इथे चोर असायचे ना?" आई उत्तर शोधीत होती. मी परका माणूस, मध्ये बोलणे बरे नव्हते. पण सरांची आठवण अशी दाटून आली की राहवले नाही. मी म्हटले, "बाळ, नेहमीच नाही." तिने माझ्याकडे पाहिले आणि पुढचा प्रश्न विचारला, जो विचारायला आम्हांला त्या सहलीत सुचला नव्हता : "मग कोण?"

त्या प्रश्नाचे उत्तर देता येईल अशी पिढी या शाळेतून बाहेर पडत राहो, एवढीच गुरुवर्यांच्या चरणी प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.